चिंच, राख आणि सात रिळं

आमच्या घरात मासा शिजत नसे. शिजणं सोडाच, जेवताना त्याचं नाव निघालं तरी आई हातातला डाव भांड्यावर आपटायची. अशा घरातला एक मुलगा सतराव्या वर्षी मासे धरायच्या विलायती रिळांचा जाणकार म्हणून वडश्यापासून नदीकाठच्या गावांपर्यंत मिरवत होता. त्याने जन्मात एक मासा धरलेला नव्हता, आणि धरला असता तर घाबरून सोडून दिला असता. तो मुलगा मी. मॅट्रिकची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होतो. निकाल काय लागणार याचा अंदाज असल्यामुळे दुसऱ्या कुठल्या तरी विषयात मोठं होणं मला निकडीचं वाटत होतं.

रीळ म्हणजे काय, हे आमच्या भागात तेव्हा शंभरातल्या नव्व्याण्णवांना ठाऊक नव्हतं, आणि माझी विद्वत्ता टिकून राहिली ती त्यामुळेच. पेल्याच्या बुडाएवढं पितळेचं जाड चाक, त्याला एका अंगाला मूठ, आत दोरा गुंडाळायची फिरकी. साहेब लोक हे रीळ वेताच्या लांब छडीला बसवत, दोऱ्याच्या टोकाला पिसांची खोटी माशी बांधत आणि वैनगंगेच्या पाण्यावर ती नाचवत बसत. मासा खोट्या माशीला भुलला आणि दोरा घेऊन पळाला की रिळाच्या आतली पट्टी दात्यांवरून घसरे आणि कर्र कर्र असा आवाज निघे. तो आवाज मला इतका आवडायचा की झोपताना मी एक रीळ उशाशी घेऊन मूठ फिरवत राही. शेवटी पलीकडच्या खोलीतून दादा खाकरत. दादा म्हणजे माझे वडील, लाकडाच्या डेपोत कारकून होते. दिवसभर सागाच्या ओंडक्यांवर हातोडीने मारलेले शिक्के तपासून आल्यावर त्यांना घरात कुठलाही आवाज नको असे.

साहेब गेले, त्यांची रिळं मागे राहिली. ती मला कुठे कुठे सापडली ते सांगितलं तर आजच्या संग्राहकांना खोटं वाटेल. एक शिंप्याकडे होतं, तो त्यावर काळा दोरा गुंडाळून ठेवायचा. एक दुकानदाराच्या धाकट्या मुलाची गाडी झालं होतं. आणि एक चक्क नाटकात काम करत होतं. थंडीत आमच्याकडे गावोगाव नाटकं चालतात. त्यातल्या एका कंपनीचा चंद्र पडद्यामागून याच रिळाने वर ओढला जायचा. नायिका विरहाने रडत असायची आणि तिच्या डोक्यावर चंद्र कर्र कर्र करत चढायचा. प्रेक्षकांना त्यात काही खटकत नसे. मला मात्र नाटक दिसेनासं झालं. खेळ संपल्यावर मी पडद्यामागे शिरलो आणि दादांची बॅटरी देऊन चंद्राचं रीळ घेऊन आलो. बॅटरीचं घरी काय सांगितलं ते आता आठवत नाही, पण ते खरं नव्हतं एवढं नक्की.

ओळख पटवायला माझ्याकडे एक ग्रंथ होता. डाक बंगल्याच्या म्हाताऱ्या खानसाम्याने चूल पेटवायला ठेवलेली ती विलायती मालाची सचित्र यादी होती. चित्रं बरीच शाबूत होती, मजकूर वाळवीने खाल्ला होता. त्यामुळे माझ्या निष्कर्षांना विरोध करणारं कोणी उरलं नव्हतं. माझी पद्धत सोपी होती. डेपोतल्या डिंक तोलायच्या काट्यावर रीळ ठेवायचं, आणि जे जड ते जुनं. प्रत्येकाला मी पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती. एकावर ‘जुने’, दुसऱ्यावर ‘फार जुने’, आणि चंद्रवाल्यावर ‘सर्वांत जुने, बहुधा राजघराण्यातील’. खोडता येऊ नये म्हणून हे वाक्य मी शाईने लिहिलं होतं.

आईची मात्र एक अट होती. ही माशांची भांडी आहेत, तेव्हा ती आधी घासायची, मगच उंबऱ्याच्या आत आणायची. “चिंच-राखेनं घासल्याबिगर आत आणशील तर चुलीत घालीन,” ती म्हणायची. पितळ चुलीत जळत नाही हे तिलाही माहीत होतं आणि मलाही, पण अट अटच होती. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी मी बसत असे. आदल्या दिवशी भिजवलेली चिंच, चुलीतली चाळलेली राख आणि तनसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, चुंबळ. आत लाखोरीची डाळ शिजत असायची आणि तिचा वास राखेच्या वासात मिसळून बाहेर यायचा. रिळं आणताना काळपट, तपकिरी, गंजल्यासारखी दिसत. घासायला लागलं की त्यांच्या अंगावरून काळं पाणी उतरे आणि खालून सोन्यासारखं पितळ निघे. ते पाहून मला एवढं समाधान वाटायचं की आईने सांगितलं नसतं तरी मी घासलीच असती. तासभर घासून, उन्हात वाळवून, मी रिळं देवघराशेजारच्या फळीवर मांडायचो. आई येता-जाता बघायची आणि म्हणायची, “आता कशी माणसात आली.”

आज माझ्या कपाटात चाळीसेक रिळं आहेत. सगळी काळीसावळी आहेत, आणि एकालाही मी ओलं फडकं लागू देत नाही. सून म्हणते, बाबांना घरातली धूळ चालत नाही पण त्या कपाटातली चालते. तिला कारण सांगायचं तर पुढची सगळी हकिगत सांगावी लागेल, म्हणून मी गप्प बसतो.

त्या उन्हाळ्यात मला एक पत्र आलं. चांद्याला एक निवृत्त जंगल अधिकारी राहत. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. त्यांच्याकडे रिळांचा मोठा संग्रह आहे असं दादांच्या बोलण्यात आलं होतं. मी त्यांना चार पानी पत्र लिहून माझ्या सहा रिळांची वंशावळ कळवली होती. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं: येऊन दाखवा, जे उत्तम असेल ते आणा. मला वाटलं, आपली परीक्षा आहे, आणि सहा रिळं कमी पडतील. सातवं कुठे आहे ते मला ठाऊक होतं. ते बारकूभाऊंच्या डोंग्यात होतं.

बारकूभाऊ ढिवर होते, पिढीजात मासे धरणारे. आमच्या क्वार्टरपासून नदी पाऊण कोस, तिथे काठावर त्यांचं घर. तरुणपणी ते साहेबांचा डोंगा वल्हवायचे, आणि जाताना साहेबाने त्यांना ते रीळ दिलं होतं. ते त्याला गराडी म्हणत. त्यांनी गराडीवर जाड दोरी गुंडाळून टोकाला दगड बांधला होता. डोहात दगड सोडायचा, गराडी कर्र कर्र वाजायची, आणि दगड तळाला टेकेपर्यंत किती वेळा वाजली ते वीस-वीसच्या कोडीने मोजायचं, म्हणजे खोली कळली. साहेबाने खोट्या माशीसाठी आणलेलं यंत्र त्यांनी नदी मोजायला लावलं होतं. मला तेव्हा हा त्या रिळाचा अपमान वाटायचा. दोन वर्षांपासून बारकूभाऊंच्या डोळ्यांत फूल पडत गेलं होतं आणि आदल्या हिवाळ्यात दिसणं जवळजवळ बंदच झालं होतं. मुलगा नव्हता. एकच मुलगी, अनुसया, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. पावसाळा संपला की डोंगा आणि जाळं ती घेणार होती. बाईमाणूस एकटी डोहात जाळं टाकणार, यावर गावात बोलणं होत होतं.

“बारकूभाऊ, गराडी मले चार दिवस द्या न,” मी म्हणालो. “चांद्याच्या साहेबाले दाखवाची हाय.”

ते बराच वेळ गराडीच्या पाठीवरून बोट फिरवत राहिले. अनुसया जाळं दुरुस्त करत होती. ती म्हणाली, “बापू, नको देऊ. मले अजून पुरती पाठ नाई झाली.” काय पाठ व्हायचं होतं ते मी विचारलं नाही. दुसऱ्याच्या बोलण्यातलं आपल्याला उपयोगी नसेल ते ऐकायचं नाही, अशी माझी तेव्हाची सवय होती.

“शिकलेलं पोरगं हाय, आनून देते,” बारकूभाऊ तिला म्हणाले, आणि माझ्याकडे तोंड करून, “पन बाबू, जसी नेशील तसीच आनजो.”

घरी आणल्यावर पाहिलं तर रिळाच्या पाठीवर ओरखडेच ओरखडे. आखूड, लांब, मध्ये टोचे, कुठे फुली. मला वाईट वाटलं. एवढी सुंदर वस्तू आणि या माणसांनी खिळ्याने कशी रंगवली आहे, असं मी आईला बोललोसुद्धा. चिंच-राखेने तपकिरी रंग गेला, पण ओरखडे जाईनात. मग मी विटेचा भुगा केला. दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ, बोटांची सालटी निघेपर्यंत मी ती पाठ घासली. तिसऱ्या दिवशी तिच्यात माझं तोंड दिसायला लागलं. जसं नेलं तसं नाही, त्याहून चांगलं परत द्यायचं, असा माझा विचार होता.

वडश्याहून छोट्या गाडीने चांद्याला पोचायला अर्धा दिवस गेला. मांडीवर सात रिळं, पांढऱ्या पंच्यात बांधलेली. रावसाहेब व्हरांड्यात बनियनवर बसून आंब्याचा रस खात होते. हात धुऊन त्यांनी पंचा उघडला. दुपारच्या उन्हात सातही रिळं अशी चकाकली की त्यांनी डोळे बारीक केले.

“ही काय पूजेची उपकरणी आणली?” त्यांनी विचारलं.

मला ती स्तुती वाटली. मी हसून चंद्रवाल्या रिळाची चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती वाचली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचली. मग आत जाऊन त्यांनी आपलं एक रीळ आणलं. ते काळपट तपकिरी होतं, मी घासायच्या आधी माझी जशी असत तसं. “हा रंग मळ नव्हे,” ते म्हणाले. “कारागिरानं मुद्दाम दिलेला असतो. पितळ उन्हात चमकलं तर मासा बुजतो. आणि या रंगावरच कारागिराचं नाव बारीक कोरलेलं असतं. तुम्ही रंगही काढला आणि नावही काढलं. सातही?”

“सातही,” मी म्हणालो.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी भिंग आणून एकेक रीळ मला शिकवलं. मूठ शिंगाची की लाकडाची, स्क्रूची डोकी सारखी घासलेली आहेत की नाहीत, छडीला बसवायची पट्टी कशी निमुळती केली आहे. वजनाचा वयाशी काही संबंध नसतो, हेही त्यांनी शांतपणे सांगितलं. माझं राजघराण्यातलं रीळ त्या सातांत सर्वांत नवं निघालं. बारकूभाऊंचं तर विलायतीही नव्हतं. इथल्याच कुठल्यातरी कारागिराने विलायती रिळावरून हाताने केलेली ती नक्कल होती. संग्राहकाच्या दृष्टीने किंमत काही नाही, ते म्हणाले, आणि मला क्षणभर हायसं वाटलं. मग त्यांनी ते उन्हात तिरपं धरलं आणि भिंगातून बघत राहिले.

“इथे काहीतरी लिहिलेलं होतं,” ते म्हणाले. “लिपी नाही. पण रेघा एका ओळीत आहेत, अंतर राखून. हे कोणीतरी विचार करून काढलेलं आहे. हे कोणाचं आहे?”

मी सांगितलं. त्यांनी रीळ पंच्यात ठेवलं, गाठ स्वतः बांधली आणि म्हणाले, “आज मुक्काम करू नका. परत जा.”

परतीच्या गाडीत खोटं काय सांगता येईल याचा विचार मी मूल स्टेशनपर्यंत केला, हे कबूल करायला हवं. हरवलं म्हणावं, चोरीला गेलं म्हणावं. पुढे मात्र काही सुचेना. दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर नदीकाठी गेलो आणि गराडी बारकूभाऊंच्या हातात दिली. त्यांनी अंगठा पाठीवर ठेवला. एकदा फिरवला, मग उलट्या बाजूने फिरवला.

“ही दुसरी गराडी हाय,” ते म्हणाले.

“नाई भाऊ. तुमचीच हाय.”

“माही नाई. माह्या गराडीवर रेघा होत्या. हिच्यावर बोटाले काईच लागत नाई.”

“मी घासली,” मी म्हणालो. “चिंच, राख, वीट.”

अनुसया उठून आली. तिने गराडी बापाच्या हातातून घेतली, डोळ्यांशी नेली. “अकरा डोह होते याच्यावर,” ती म्हणाली. “वरून खाली, वळीनं. रेघ म्हंजे खोली. टोचा म्हंजे खडक, फुली म्हंजे बुडालेलं झाड. जितकी जारी खडकाले फाटली तितके टोचे. तीस वर्सं लागली बापूले.” मग तिने मला विचारलं, “काऊन घासली?”

“घरात नेताना घासावी लागते,” मी म्हणालो.

ती हसली. ते हसणं चांगलं नव्हतं. “आमच्या हातचं हाय म्हनून,” ती म्हणाली.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. माशांमुळे, असं म्हणणार होतो. पण मग शिंप्याच्या घरचं रीळ, तेही माशांचंच, आईने नुसतं पाण्याने विसळून आत घेतलं होतं आणि पुढे ते मी हौसेने घासलं होतं, हे मला आठवलं. आतापर्यंत मला त्यात काही दिसलं नव्हतं. त्या क्षणी दिसलं, आणि मला इतकी लाज वाटली की मी तिथेच वाळूत बसलो.

बारकूभाऊंनी मला एक शिवी दिली. एकच, पण ती त्यांनी मन लावून दिली. मग म्हणाले, “मिरग लागाले अठरा-वीस दिवस हायेत. पाणी उतरलं हाय. उद्या पायटे ये. तू वल्हव, अनसू दगड सोडन, मी आठवतो.”

घरी मी आईला सांगितलं की मी रोज ढिवराच्या डोंग्यात बसणार आहे. तिने विचारलं, अंघोळ कधी करणार? मी म्हणालो, नदीत. त्या दिवसांत माझं ताट तिने पडवीत वाढलं. दादांनी पहिल्या दिवशी ते पाहिलं, आपलं ताट उचललं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. अंबाडीची भाजी-भाकर आम्ही दोघांनी तिथेच खाल्ली.

वल्हवता मला येत नव्हतं. पहिल्या दिवशी डोंगा मी गोल गोल फिरवला, दुसऱ्या दिवशी काठावर चढवला. अनुसया म्हणे, याच्यापरीस दगडाले वल्हं द्या. हळूहळू जमलं. डोहावर पोचलो की काठावर काय काय दिसतं ते मी बारकूभाऊंना सांगायचं: उंबर, तुटकी दरड, दोन मोहाची झाडं. अनुसया दगड सोडायची, गराडी वाजायची, आम्ही तिघेही ओठांत मोजायचो. खोली तर कळे. पण खडक कुठल्या अंगाला, झाड कुठे बुडालेलं, हे दगड सांगत नाही. ते बारकूभाऊंना आठवावं लागे. ते डोळे मिटून बसत आणि उजव्या हाताचं बोट डाव्या तळहातावर फिरवत. गराडीच्या पाठीवर रेघा नसल्यामुळे बोटाला आठवत नसे. आठवलं की मी खिळ्याने कोरायचो. माझी पहिली फुली एवढी मोठी झाली की तिच्यात दोन डोह मावले असते.

आठ डोह झाले. तीन राहिले; नुसती खोली फसवी ठरेल म्हणून त्यांची जागा कोरीच ठेवली. त्या तीन डोहांपाशी आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. शेवटच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. बारकूभाऊ बराच वेळ तळहात चोळत बसले आणि म्हणाले, “नाई येत. चाल घरी.” अनुसयाने तोंड दुसरीकडे केलं. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा म्हातारं झाल्यासारखं वाटलं असेल तर ते त्या वेळी, आणि त्याला वय कारण नव्हतं, मी होतो.

पाऊस सरल्यावर अनुसयाने डोंगा घेतला. कार्तिकात त्या तीनांतल्या एका डोहात तिचं जाळं अडकून निम्मं फाटलं. ती स्वतः सुखरूप आली, हे आमचं नशीब. फाटलेलं जाळं विणायला मी महिनाभर जात होतो. मॅट्रिकचा निकाल अपेक्षेप्रमाणेच लागल्यामुळे मला वेळच वेळ होता. मी विणलेल्या भागातून मासे आरामात निघून जातात, असं तिचं म्हणणं होतं, आणि तिने तो भाग नंतर गुपचूप उसवून पुन्हा विणला.

मी नोकरीसाठी जिल्हा सोडला. बारकूभाऊ गेल्याचं मला फार उशिरा कळलं. मध्ये किती वर्षं गेली त्याचा हिशेब नको, पण मागच्या खेपेला वडश्याला गेलो तेव्हा नदीवर जाऊन आलो. अनुसया म्हातारी झाली होती आणि तिच्या डोळ्यांतही फूल पडलं होतं. डोंग्यात गराडी होती. हाताळून हाताळून ती पुन्हा काळपट झाली होती. शेजारी दहा-बारा वर्षांची नात बसली होती, आणि अनुसया तिचं बोट धरून गराडीच्या पाठीवरून फिरवत होती. माझ्या वेड्यावाकड्या रेघा ती पोरगी घडाघडा वाचत होती. एके ठिकाणी तिचं बोट थांबलं.

“आजी, इथी काऊन काई नाई?”

“जिथी बोटाले काई लागत नाई, तिथी जारं टाकाचं नाई,” अनुसया म्हणाली. “डोंगा काठानं न्याचा.”

“पन काऊन नाई?”

अनुसया डोंग्याची दोरी चाचपत राहिली. तेव्हा मीच म्हणालो, “तिथलं मी घासून टाकलं.”

पोरीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “काऊन?”

घरात नेता यावं म्हणून, एवढंच उत्तर होतं. ते मला तिला देता येईना. “अक्कल नव्हती,” मी म्हणालो.

अनुसयाने माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं. खरं उत्तर तिला ठाऊक होतं, मी तिलाच ते दिलं होतं. मी ते बोलेन म्हणून ती थांबली असावी. मी चपलेतली वाळू झटकायला लागलो. मग तिने नातीचं बोट उचललं आणि पुढच्या डोहावर नेऊन ठेवलं.